धुऱ्याचा दगड आणि लॅम्बटन साहेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात केलेलं भाषण. टाळ्या, माईकची शिट्टी आणि मध्येच गेलेली लाईट वगळली आहे. बाकी बहुतेक बोललो तसंच.)



सचिवांनी मला सांगितलं होतं, "सर, संस्थेच्या वाटचालीवर वीस मिनिटं बोला." ती वाटचाल अहवालात छापलेली आहे आणि आत्ताच खजिनदारांनी वाचूनही दाखवली. पाण्याची टाकी कधी झाली, पथदिवे कधी लागले, कोणाची थकबाकी किती, हे सगळं आलं. मी आज दोनच गोष्टींवर बोलणार आहे. एक आहे हिंगणघाटातलं थडगं आणि दुसरा आपल्या टाकीच्या नळाखालचा दगड. यातल्या एकीत माझी चूक आहे, तीही सांगतो.

आधी थडगं. आपल्या वडनेरातून हिंगणघाटला आपण किती वेळा गेलो असू? बाजार, दवाखाना, कोर्ट, पोरांच्या परीक्षा, कापूस. मी नोकरीची बत्तीस वर्षं भूगोल आणि गणित शिकवलं. दरवर्षी पोरांना विचारायचो, जगातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? पोरं ओरडायची, एव्हरेस्ट! नाव कोणावरून पडलं? जॉर्ज एव्हरेस्ट! शाबास, बसा खाली. एवढ्यावर तास संपायचा. त्या एव्हरेस्टचा वरिष्ठ, ज्याच्या हाताखाली तो भारतात मोजणी शिकला, तो आपल्यापासून अर्ध्या तासावर मातीत झोपलेला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. भूगोलाचा मास्तर म्हणवत होतो बाप्पा!

२००२ साली त्या मोजणीला दोनशे वर्षं झाली म्हणून पेपरात एक लेख आला होता. त्यात शेवटी एक ओळ होती, कर्नल विल्यम लॅम्बटन यांचा मृत्यू हिंगणघाट येथे झाला. मी ती ओळ तीनदा वाचली. हिंगणघाट म्हणजे आपलंच की दुसरं कोणतं? पुढच्या रविवारी स्कूटर काढली. पानठेल्यावर विचारलं, कोणाला माहीत नाही. एकाने विचारलं, "लॅम्बटन म्हंजे डाक्टर का जी?" शेवटी वस्तीतल्या एका म्हातारीने बोट दाखवलं. "थे काय, इंग्रजाचं थडगं. पन काहून पाह्यता? तुमच्या ओळखीतला व्हय का?" आजूबाजूला घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, वाढलेलं गवत. मी तिला म्हणालो, "हो आजी, ओळखीतलाच. उशिरा ओळख झाली."

आता हा माणूस कोण, ते सांगतो.

यॉर्कशायरमधल्या गरीब घरचा पोरगा, पलटणीत शिरला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो इंग्रज फौजेत होता. एका रात्री तुकडी अंधारात चालली होती. याने आकाशाकडे पाहिलं आणि सेनापतीला सांगितलं, आपण उत्तरेला जायचं तर दक्षिणेला चाललो आहोत, सरळ टिपूच्या तोंडात. सेनापतीला ते पटेना, पण होकायंत्र पाहिलं तर याचंच खरं. ताऱ्यांवर असा भरवसा असणाऱ्या माणसाने लढाई संपल्यावर वरिष्ठांपुढे एक योजना मांडली. द्वीपकल्पाची मोजणी करायची, आणि ती करताना पृथ्वीचा नेमका आकारही काढायचा.

त्याची साधनं ऐका, कारण ती एखाद्या कादंबरीत शोभतील. मोजणीची पोलादी साखळी शंभर फुटांची होती. इंग्रजांनी चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेल्या सामानातली ती. बादशहाला त्यात गोडी वाटली नाही, म्हणून ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली आणि लॅम्बटनने विकत घेतली. कोन मोजायचं मोठं यंत्र, थिओडोलाइट, लंडनमध्ये बनलं. वजन अर्धा टन, म्हणजे पाच क्विंटल धरा. ते जहाजातून येताना फ्रेंचांनी जहाजच पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने पाहिलं, हे तर शास्त्राचं काम, आणि शत्रू असूनही यंत्र मद्रासला पाठवून दिलं.

१० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी काम सुरू झालं. पहिली रेषा साडेसात मैलांची. साखळी चारशे वेळा अंथरायची आणि उचलायची. उन्हाने पोलाद वाढतं म्हणून लाकडी पेट्यांत ठेवून, दर वेळी तापमान लिहून घ्यायचं. या एका रेषेला सत्तावन्न दिवस लागले. आपल्या लेआउटचे प्लॉट आपण दोन दिवसांत पाडले होते, आणि ते कसे पडले हे दोन शेजाऱ्यांना अजून चांगलं आठवतं.

एवढी खटपट कशाला? कारण पहिली रेषा एकदा अचूक मोजली की पुढे जमीन मोजावीच लागत नाही, नुसते कोन मोजायचे. हे पोरांना समजावं म्हणून आम्ही काय करतो, ते सांगतो.

आम्ही म्हणजे आठ-दहा जण. निवृत्त मास्तर, एक एसटीचे माजी कंडक्टर, दोन शेतकरी, किराणा दुकानदार आणि कॉलेजची तीन-चार पोरं. मंडळाला नाव नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो आणि अध्यक्ष झाला की माजी अध्यक्ष तयार होतो. २०११ पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडून, आम्ही दर १० एप्रिलला सकाळी जमतो. सर्व्हे ऑफ इंडिया हाच दिवस सर्वेक्षण दिन म्हणून पाळते. जानेवारीत हिंगणघाटला जातो, गवत काढतो, फुलं ठेवतो, पोरांना गोष्ट सांगतो. बाकी काही नाही. वर्गणीही नाही.

एप्रिलच्या सकाळी आपल्या मधल्या रस्त्यावर १२० मीटरची रेषा टेपने मोजतो. दोन्ही टोकांवर स्टूल ठेवतो. प्लायवूडचा मोठा चांदा केला आहे, त्याला नेम धरायला ज्यूसची नळी. तिच्यातून पलीकडच्या मारुतीच्या देवळाचा कळस पाहायचा. एका टोकाला कोन आला ८० अंश आणि दुसऱ्या टोकाला ८५. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०, म्हणजे कळसापाशी १५ अंश. कॅल्क्युलेटर घेतलं की पहिल्या स्टुलापासून देवळाचं अंतर येतं ४६२ मीटर. मग पऱ्हाट्या उपटलेल्या वावरातून टेप धरून खरंच मोजत जायचं. टेप म्हणाला ४६६. काय टाळ्या पडल्या त्या दिवशी!

पण त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या स्टुलावर कोन एका अंशाने चुकला होता. ८५ चा ८६ झाला, आणि देवळाने ४९५ मीटरवर उडी मारली. एका अंशाने मारुतीराया तेहतीस मीटर सरकला. त्या वर्षी कोन मी मोजला होता. चष्मा घरी राहिला होता, असं मी सांगितलं. खरं म्हणजे डोळ्यावरच होता.

लॅम्बटनच्या हातून तर मोठाच अपघात झाला होता. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर ते पाच क्विंटलचं यंत्र चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. नवीन मागवायला पैसा आणि काही वर्षं लागली असती. साहेबाने स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे ते वर्तुळ केसाकेसाने ओढून पुन्हा गोल केलं. पुढे कित्येक वर्षं त्याच यंत्राने मोजणी चालली.

त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही माळ साधारण ७८ रेखांशाच्या बाजूने वर सरकत होती. नकाशा उघडा, आपला जिल्हा त्याच पट्ट्यात आहे. १८१८ मध्ये तरुण एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आला. कामाचा खरा हंगाम पावसाळ्याचा, कारण पाऊस पडून गेला की धूळ बसते आणि वीस-पंचवीस कोसांवरचा डोंगर स्वच्छ दिसतो. पण जंगलातला ताप याच हंगामात. एव्हरेस्टच्या पहिल्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात जवळपास सगळा तळ तापाने फणफणला, आणि बरीच माणसं परत आली नाहीत. तो स्वतः कसाबसा वाचला.

हैदराबादचा मुक्काम हलवून नागपूरला जाताना लॅम्बटन हिंगणघाटला पोचला आणि जानेवारी १८२३ मध्ये तिथेच गेला. वय सत्तरीच्या आसपास. वीस वर्षांहून जास्त काळ तंबूत काढलेला माणूस, शेवटही तंबूतल्यासारखाच. हैदराबादहून नागपूर म्हणजे, आपल्या दारावरून रात्रभर ट्रक धावतात तीच दिशा. पुढे एव्हरेस्टने ही माळ डेहराडूनपर्यंत नेली. कन्याकुमारीपासून धरली तर सुमारे २४०० किलोमीटर. त्याच मोजणीच्या आधारावर पुढे हिमालयाची शिखरं मोजली गेली. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून ते शिखर सर्वांत उंच ठरलं, आणि १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ या अधिकाऱ्याने त्याला आपल्या जुन्या साहेबाचं नाव सुचवलं. एव्हरेस्टला स्वतःला ते पसंत नव्हतं. इथल्या लोकांना माझं नाव उच्चारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढं मात्र त्याचं चुकलं. आपली पहिलीची पोरं ठणठणीत उच्चारतात.

आता एक प्रश्न. मागच्या वर्षी आपल्याच कॉलनीतल्या एका कॉलेजच्या मुलीने तो विचारला. "आजोबा, इंग्रजांनी मोजलं ते लुटायसाठी. त्याच्या थडग्यावर आपण फुलं काहून वाहायची?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी आप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं आणि लहानग्या रघूजीच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्स नागपूरचा कारभार पाहू लागला. लॅम्बटन आला तो अशा मुलखात. नकाशा हातात आला की फौज कुठून न्यायची आणि सारा कोणाकडून किती घ्यायचा, दोन्ही सोपं होतं. हे मी नाकारत नाही. वर्धा जिल्हा म्हटलं की लोक सेवाग्राम आणि पवनारला जातात, तेच बरोबर आहे. मीही पाहुण्यांना आधी तिकडेच नेतो.

मग मी तिला विचारलं, ती साखळी चारशे वेळा उचलली कोणी? साहेबाने नाही. पाच क्विंटलचं यंत्र देवळावर आणि डोंगरावर कोणाच्या खांद्यावरून गेलं? तापाच्या रानात डोंगरमाथ्यावर निशाण धरून आठ-आठ दिवस कोण बसलं? खलाशी, हमाल, निशाणवाले, आपल्यासारख्याच घरांतले. त्यांची नावं कोणत्या थडग्यावर आहेत? हिंगणघाटात त्या एका माणसाची खूण राहिली आहे, म्हणून तिच्यापाशी उभं राहून बाकीच्यांबद्दल बोलता तरी येतं. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. यंदाच्या जानेवारीत, साहेबाला जाऊन दोनशे वर्षं झाली तेव्हा, ती आमच्यासोबत आली. फुलं वाहिली नाहीत. पण निशाणवाल्यांवर पाच मिनिटं बोलली, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलली.

युरोपात स्ट्रूव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने साधारण त्याच काळात अशीच माळ मोजली, नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत, २८२० किलोमीटर. आज दहा देशांतल्या तिच्या चौतीस खुणा जागतिक वारसा यादीत आहेत, २००५ पासून. कुठे खडकात पाडलेलं भोक, कुठे नुसती लोखंडी फुली. आपल्या माळेला तो मान नाही. मिळेल तेव्हा मिळो. तोवर गवत काढायला विळा पुरतो.

आता दुसरी गोष्ट. टाकीच्या नळाखाली जो दगड आहे, ज्यावर आपण बादली ठेवतो, तो पालथा आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूला फुली कोरलेली आहे. हे मला ठाऊक आहे, कारण तो पालथा मी घालायला लावला.

१९९८. संस्था नुकतीच नोंदलेली, मी पहिला सचिव. चुन्याच्या रेषा आखून प्लॉट पाडत होतो. ईशान्य कोपऱ्यात, आज ३१ नंबरचा प्लॉट आहे तिथे, हा दगड उभा होता. मिस्त्री म्हणाला, "गुर्जी, कुंपनाच्या पायव्यात हा गोटा आडवा येऊन राह्यला. काढू का?" ज्यांच्याकडून जमीन घेतली त्यांचे वडील बाजूला बाभळीखाली बसले होते. ते म्हणाले, "धुऱ्याचा गोटा हालवू नाई मास्तर." मी म्हणालो, "बाबाजी, आता धुरा कुठे राहिला? आता कॉलनी झाली." आणि मिस्त्रीला म्हणालो, काढ. दोघांनी सब्बलीने उखडला, हौदाजवळ टाकला आणि कपडे धुवायला बरा पडेल म्हणून सपाट बाजू वर केली. बाबाजी काही बोलले नाहीत. उठून गेले. महसुलाच्या कायद्यात हद्दीची खूण हलवायला दंड आहे, हे मला फार नंतर कळलं. बाबाजी आज नाहीत.

आमच्या मंडळातल्या पोरांना या फुलीचा पत्ता लागला गेल्या उन्हाळ्यात, टाकी धुताना. झालं! दुसऱ्या दिवशी पाटीचा मजकूर तयार. 'जगप्रसिद्ध सर्वेक्षक कर्नल लॅम्बटन यांनी रोवलेला ऐतिहासिक दगड.' फ्लेक्सवाल्याला सांगूनही झालं होतं. मी म्हणालो, ही पाटी लागणार नाही. हा शेताच्या हद्दीचा दगड आहे, महसूल मोजणीचा. लॅम्बटनच्या त्रिकोणांची टोकं डोंगरावर, किल्ल्यावर, देवळावर असायची, वावराच्या धुऱ्यावर नाही. पोरं रागावली. "सर, कोणाचं काय नुकसान होते? गावाचं नाव होईन ना!" एकाने तर दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. आज तोच माईक सांभाळतो आहे, म्हणून सांभाळून बोलतो.

नुकसान होतं. ज्या माणसाने सहा आठवडे एक वाकलेलं वर्तुळ सरळ करण्यात घालवले, त्याच्या नावाने आपण अंदाजे पाटी लावायची? आणि धुऱ्याच्या दगडाला स्वतःची गोष्ट नाही का? कोण्या शेतकऱ्याने आणि कोण्या मोजणीवाल्याने उन्हात उभं राहून, इथे तुझं संपलं आणि इथे त्याचं सुरू झालं, असं ठरवून तो रोवला. त्या फुलीवरून किती भांडणं मिटली असतील. मी ती नळाखाली घातली.

आणि खरी अडचण पुढे आहे. मोजणीचा दगड त्याच्या जागेवर असतो तोवर काहीतरी सांगतो. हलवला की नुसता दगड. म्हणून यंदा एप्रिलमध्ये आम्ही देऊळ मोजलं नाही. लेआउटचा मूळ मोजणी नकाशा संस्थेच्या कपाटातून काढला. त्यात ती खूण दाखवलेली आहे, दोन कोपऱ्यांपासूनची अंतरं लिहिलेली आहेत. पोरांनी दोन टेप दोन कोपऱ्यांना धरले आणि ते जिथे एकमेकांना भिडले तिथे खुंटी ठोकली. तीनदा केलं. तिन्ही खुंट्या एका हाताच्या आत आल्या. ३१ नंबरच्या काकूंच्या कढीपत्त्याच्या झाडाशी.

काकू आधी घाबरल्या. त्यांना वाटलं प्लॉट कमी होतो की काय. त्यांना सातबारा आणि नकाशा दोन्ही दाखवले. एक इंचही जात नाही, म्हटल्यावर चहा झाला. त्या म्हणाल्या, दगड इथे परत रोवा, फक्त कढीपत्त्याचं मूळ तोडू नका.

तर अध्यक्ष महोदय, सभेपुढे माझी एक विनंती आहे, ठराव म्हणून लिहून घ्या. नळाखालचा दगड काढून मूळ जागी फुली वर करून रोवावा. बाजूला लहानशी पाटी, तिच्यावर एवढंच: 'शेताच्या हद्दीचा दगड. १९९८ मध्ये सचिवांच्या सांगण्यावरून काढला. २०२३ मध्ये संस्थेच्या मुलांनी जागा मोजून परत बसवला.' सचिवाचं नाव घालायचं की नाही ते सभेने ठरवावं, माझी हरकत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता काम आहे. सब्बल दोन आहेत, तिसरी लागेल. दगड जड आहे, चार जण तरी हवेत. आणि तो निघाला की नळाखाली बादली ठेवायला काही राहणार नाही, तेव्हा कोणाकडे घरकामातून उरलेली शहाबादी फरशी असेल तर आत्ताच हात वर करा.